वरचा बाण की कंट्रोल-आर?

फोंड्यात घरून काम करताना दिवसभर बॅशच, म्हणजे कमांड टाइप करायचं शेलच, उघडं असतं. जुनी कमांड शोधायला माझ्याकडे दोन रस्ते आहेत.

नुसता वरचा बाण दाबत राहिलं की एकेक कमांड मागे जाते. चाळिसावी हवी असली तर जीव मेटाकुटीला येतो. पण इनपुटआरसी या कळांच्या सेटिंगच्या फायलीत तोच बाण 'हिस्टरी-सर्च-बॅकवर्ड'ला जोडा. मग 'एसएसएच' (दुसऱ्या संगणकात लॉगिन करायची कमांड) टाइप करून बाण दाबला की एसएसएचने सुरू होणाऱ्या कमांडच समोर येतात. सुरुवात आठवत असेल तर यासारखं सुख नाही, माझा दिवसातला बराच वेळ यानेच वाचतो.

कंट्रोल-आर मात्र मधला तुकडाही पकडतो. फायली कॉपी करणाऱ्या लांबलचक आरसिंक कमांडमध्ये कुठेतरी 'बॅकअप' होतं, एवढंच आठवत असेल तर तोच हवा. पुन्हा दाबलं की त्याआधीची जुळणी.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सांभाळा. बॅश हा कमांडचा इतिहास शेल बंद होतानाच फायलीत लिहितो, आणि मुळात 500च कमांड ठेवतो. जूनच्या पावसात वीज गेली आणि माझ्या दिवसभराच्या कमांड गेल्या. त्याच संध्याकाळी प्रॉम्प्ट-कमांडमध्ये, म्हणजे प्रत्येक प्रॉम्प्टआधी आपोआप चालणाऱ्या सेटिंगमध्ये, नव्या कमांड फायलीत जोडणारं 'हिस्टरी -ए' घातलं. आता प्रत्येक कमांड लगेच उतरते.