मेगर (तारेचं इन्सुलेशन तपासायचं मीटर) न लावता बोअरची मोटर वर काढणाऱ्याला फाटकातूनच परत पाठवा

एकूण 29,050 रुपये गेले. ‘नवी’ सबमर्सिबल, म्हणजे बोअरच्या पाण्यात सोडायची मोटर, 21,500, त्यातून जुनीचे भंगार म्हणून 2,000 वजा. मोटर काढणं-सोडणं 3,500. नवं पॅनेल 3,200. तीन कॉलम पाइप आणि वाढीव केबल 2,850. मूळ बिघाड मात्र, आजवर जे हाती आलंय त्यावरून, 340 रुपयांच्या कंडेन्सरचा होता.

बोअरच्या मोटरमध्ये कसं लुबाडतात हे आपण सगळे ऐकून असतो. मोटर दोन-अडीचशे फूट खाली, तिला काय झालंय ते आपल्याला दिसत नाही, आणि घरात पाणी नसतं. मीही ऐकून होते. पण भर एप्रिल, टाकीत खडखडाट, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, टँकरवाला संध्याकाळशिवाय यायला तयार नाही. नेहमीचा मिस्त्री गावी गेलेला. अशा वेळी विजेच्या खांबावरच्या स्टिकरचा नंबर कुणीही लावला असता.

मोटर सुरू केली की नुसती गुणगुणायची आणि काही सेकंदांत ट्रिप व्हायची. हेच त्याला फोनवर सांगितलं होतं. हे ऐकल्यावर जाणता माणूस आधी पॅनेल उघडतो, कारण सिंगल फेजच्या मोटरला फिरायला सुरुवात करून देणारे कंडेन्सर त्या डब्यातच असतात आणि सगळ्यात आधी तेच जातात. हा माणूस दोन पोरं आणि चेनपुली घेऊनच आला. पॅनेलकडे बघितलंही नाही. मी विचारलं, “आधी वर काही तपासायचं नाही का?” तर म्हणाला, “वहिनी, आवाजावरूनच कळतं. वाइंडिंग गेलंय.” म्हणजे मोटरच्या आतली तारेची गुंडाळी जळालीय.

मोटर वर आल्यावर त्याने केबल कापली, मीटरच्या दोन पिना टोकांना टेकवल्या आणि “बघा, शून्य” म्हणाला. मीटरची काच त्याच्या छातीकडे होती. मी समोर उभी होते, मला मीटरची फक्त पिवळी पाठ दिसत होती. तो क्षण माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. “इकडे फिरवा” एवढे दोन शब्द पुरले असते. पण वर सासूबाई हाका मारत होत्या, दारात चिखल, आणि समोरचा माणूस ठाम आवाजात बोलतोय. अशा गडबडीवरच या लोकांचा धंदा चालतो.

दुसरी खूण तर हातात होती. ‘नव्या’ मोटरच्या केबल गार्डचे स्क्रू. त्यांच्या खाचा झिजून गोल झालेल्या, आणि स्टीलच्या अंगावर पान्याचे आडवे ओरखडे, पॉलिश पेपरने घासून पुसट केलेले. मी बोट ठेवून विचारलं. तो ओल्या फडक्याने पुसत म्हणाला, “कंपनीत टेस्टिंग होतं ना, त्याचे.” कंपनीत चाचणी होते हे खरंच आहे, म्हणून ते पटलं. पण चाचणीने स्क्रूच्या खाचा झिजत नाहीत. मोटर खोक्यातून तुमच्यासमोर निघाली नाही, तर ती घेऊच नका.

जाताना जुनी मोटर टेम्पोत टाकून नेली. 2,000 रुपये सुटले असं तेव्हा वाटलं. प्रत्यक्षात पुरावाच गेला. माझी मोटर शाबूत होती हे आता मी कुणापुढेही सिद्ध करू शकत नाही. जुना माल फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, निदान दुसऱ्या कुणी तपासेपर्यंत तरी नाही. भंगारवाला कुठे पळून जात नाही.

ती ‘नवी’ मोटर पावसाळ्याआधीच जळाली. तोवर नेहमीचा मिस्त्री परत आला होता. त्याने आधी ओसरीत पडलेलं जुनं पॅनेल उघडलं. कंडेन्सरची टोपी फुगलेली. वर छापलेली क्षमता 50 एमएफडी (मायक्रोफॅरड), मीटरवर 11. मग मोटर काढून आमच्यादेखत उघडली. आत तांब्याऐवजी अॅल्युमिनियमची तार, म्हणजे कुणाची तरी जळकी मोटर स्वस्तात भरून मला विकलेली. त्याच जागेत अॅल्युमिनियमची तार भरली की तिचा रोध तांब्यापेक्षा जास्त, त्यामुळे ती जास्त तापते. त्यात त्या माणसाने “पाणी खाली गेलंय” म्हणून तीन पाइप वाढवून मोटर 260 वरून 290 फुटांवर सोडलेली. बोअर खणला तेव्हा 300 फूट होता, पण इतक्या वर्षांत तळाशी गाळ साचला असणार एवढी साधी गोष्ट त्याने दोरीला वजन बांधून मोजली नाही. सबमर्सिबलची मोटर थंड राहते ती तिच्या अंगावरून वाहणाऱ्या पाण्यामुळे. ती गाळात रुतली की पाणी लागत नाही, आणि पंप रेती ओढतो तो वेगळाच. आमच्या पंपाचे इम्पेलर, म्हणजे पाणी ढकलणारी आतली चाकं, रेतीने असे घट्ट झाले होते की हाताने शाफ्ट फिरेना.

मिस्त्रीने तेव्हा जे समजावलं ते आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मोटर खाली असतानाच वरून तपासता येते. मेन बंद करायचा, कंडेन्सरमध्ये चार्ज राहतो म्हणून तो माहितगाराकडून उतरवून घ्यायचा, मग पॅनेलमधून मोटरच्या तिन्ही तारा सोडवून तार आणि अर्थिंग यांच्यात मेगर लावायचा. आकडा एक मेगाओमच्या खाली आला तर वाइंडिंग किंवा केबलचा जोड यांच्यावर संशय. चांगल्या मोटरचा आकडा याच्या कितीतरी पट असतो. चालू मोटर असेल तर क्लॅम्प मीटरने अॅम्पिअर बघायचे आणि मोटरवरच्या प्लेटशी ताडायचे. याला चेनपुली लागत नाही, साडेतीन हजारही लागत नाहीत.

आणि मोटर खरोखरच जळते ती बहुतेकदा आपल्याला टाळता येण्यासारख्या कारणांनी. उन्हाळ्यात पाणी उतरलं की कोरडी फिरते. ड्राय रन प्रिव्हेंटर, म्हणजे पाणी संपलं की मोटर बंद करणारं उपकरण, बसवा, मोटरच्या मानाने तो फारच स्वस्त. व्होल्टेज 230 च्या बरंच खाली असताना मोटर जास्त करंट ओढते आणि तापते, तेव्हा ती चालवूच नका. टाकीचा फ्लोट बिघडला की मोटर सारखी चालू-बंद होते, आणि प्रत्येक वेळी सुरू होताना ती नेहमीच्या कितीतरी पट करंट घेते. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलटं जाऊ न देणारा व्हॉल्व्ह, गळत असेल तर पाइपातलं पाणी उलटं उतरतं.

आता यंत्रणांबद्दल. पोलीस चौकीत गेले तर पहिलं वाक्य, “व्यवहार झालाय ना, मग हा दिवाणी मामला.” जुनी मोटर नवी म्हणून विकली तरी दिवाणी? मी भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 काढून दाखवलं, तर “तुम्ही वकील आहात का?” अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारायलाही तयार नव्हते. मी खुर्चीवरून उठले नाही तेव्हा कुठे मिळाला. मोटरच्या कंपनीला प्लेटवरचा नंबर कळवला. फोनवर बाईंनी स्वच्छ सांगितलं की हा नंबर 2017 च्या मोटरचा आहे. लेखी द्या म्हटलं तर, “तशी पद्धत नाही, अधिकृत विक्रेत्याकडे जा.” त्यांचंच नाव वापरून लोकांना लुटलं जातंय, त्यांनाच त्याची फिकीर नाही! वीज कार्यालयात कमी व्होल्टेजची तक्रार दिली, तिचं उत्तर अजून नाही. आणि प्रत्येक टेबलावर तोच प्रश्न: “पक्कं बिल कुठंय?” पक्कं बिल देणारा माणूस असा फसवतो का? माझ्याकडे ‘एस्टिमेट’ लिहिलेला कागद आहे आणि यूपीआयची नोंद. रोख दिले असते तर तेवढंही नसतं.

बिलावर जीएसटी क्रमांक आणि मोटरचा सीरियल नंबर, दोन्ही लिहून घ्या. आयएसआय खूण असेल तर परवाना क्रमांक बीआयएस केअर अॅपवर टाकून बघा, पैसे देण्याआधी.

जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत दोन वर्षांची. जुनं पॅनेल, फुगलेला कंडेन्सर, अॅल्युमिनियमचं वाइंडिंग, स्क्रूंचे फोटो आणि मिस्त्रीचं लेखी म्हणणं जोडलंय. मागणी 29,050 रुपये आणि नंतरच्या दुरुस्तीचा खर्च. खांबावरच्या स्टिकरवरून बोलावलेल्या माणसाने मीटर न दाखवता तुमचीही मोटर बदलली असेल आणि जुनी नेली असेल, तर कच्चा कागद फेकू नका. आयोगापुढे अशा आणखी दोघा-तिघांचे कागद एकत्र आले, तर “एकदा चूक झाली” असं त्याला म्हणता येणार नाही.