कडुनिंब-नॅनोसिल्व्हर जेल: ट्यूबमध्ये चांदी किती, कडुनिंब किती?

‘हर्बल नॅनो’ म्हणून ऑनलाइन खपणाऱ्या जखमेच्या जेलांपैकी हे एक. 15 ग्रॅमची ट्यूब, लेबलवर 20 पीपीएम (दहा लाख भागांत 20 भाग) चांदी, कडुनिंबाचा अर्क आणि घट्टपणासाठी कार्बोपोल. खोक्यावर पानं भली मोठी छापली आहेत, पण काम करते ती चांदी. पानांच्या काढ्यातली पॉलिफेनॉल्स ही वनस्पतिजन्य रसायनं सिल्व्हर नायट्रेट या क्षारातल्या आयनांपासून (विद्युतभारित अणूंपासून) चांदीचे अतिसूक्ष्म म्हणजे नॅनो कण घडवतात आणि त्यांच्यावर थर धरून त्यांचे गोळे होऊ देत नाहीत. कण धुऊन घेतले की मागे अर्क नावापुरताच उरतो. तेव्हा कडुनिंबासाठी म्हणून जादा पैसे मोजू नयेत.

आता हिशेब. 20 पीपीएम म्हणजे अख्ख्या ट्यूबमध्ये 0.3 मिलिग्रॅम चांदी. भाजल्यावर लावतात त्या 1 टक्का सिल्व्हर सल्फाडायझिनच्या तेवढ्याच क्रीममध्ये ती साधारण 45 मिलिग्रॅम असते. नॅनोकण आकाराने लहान, म्हणून वजनाच्या मानाने आयन जास्त सोडतात हे खरं, पण दीडशेपट फरक त्याने भरून निघेल असं गृहीत धरू नये.

जेलचा रंग फिकट पिवळा आहे. विक्रेते तोच नॅनोचांदी असल्याचा पुरावा म्हणून दाखवतात, पण कडुनिंबाचा काढाही पिवळाच असतो! खरा पुरावा म्हणजे यूव्ही-व्हिजिबल आलेखात (कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला जातो ते दाखवणाऱ्या) 400 ते 450 नॅनोमीटरच्या दरम्यान येणारं टोक आणि तुलनेसाठी शेजारी नुसत्या अर्काचा आलेख. विक्रेत्याकडे बॅचचा अहवाल मागा. कारण पानांचं वय आणि हंगाम बदलला की कणांचा आकारही बदलतो. जेल राखाडी पडलं असेल तर कणांचे गोळे झाले आहेत, ट्यूब टाकून द्या.

वापर खरचटणं, लहान काप एवढ्यापुरताच. जखम उकळून गार केलेल्या पाण्याने धुवा. सलाइनने धुतली असेल तर आधी टिपून कोरडी करा, कारण मिठातल्या क्लोराइडशी चांदीच्या आयनांचं सिल्व्हर क्लोराइड होतं आणि ते पाण्यात जवळपास विरघळत नाही. पोव्हिडोन आयोडीनवर हे जेल चोपडू नका, तिथेही हीच गत. पातळ थर पुरे. जखम स्वच्छ, गुलाबी दिसू लागली की थांबवा. चांदी नव्या त्वचेच्या पेशींनाही त्रास देते आणि भरणं लांबतं. मधुमेहींच्या पायाची जखम, खोल भाजणं किंवा पू असेल तर हे जेल नको, थेट डॉक्टर गाठा.

‘99.9 टक्के जंतू नष्ट’ हा दावा प्रयोगशाळेतल्या ताटलीवरचा. कण नीट धुतलेले नसतील तर तिथले जंतू उरलेल्या सिल्व्हर नायट्रेटनेही मरतात.

अशा जेलांसोबत विकले जाणारे पोटात घ्यायचे चांदीचे थेंब मात्र अजिबात घेऊ नका. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने 1999 मध्येच कोलॉइडल सिल्व्हरची (द्रवात तरंगणाऱ्या चांदीच्या बारीक कणांची) विनाचिठ्ठी औषधं सुरक्षित वा परिणामकारक मानता येत नाहीत असं जाहीर केलं. चांदी शरीरात साठून त्वचा निळसर-राखाडी पडली की तो रंग सहसा कायमचा राहतो.

जेलला पाचपैकी अडीच, थेंबांना शून्य.