बाँड निर्देशांकाने बॉल मिलची कार्यक्षमता मोजणे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आमच्या सोन्याच्या खाणीत बॉल मिल (पोलादी गोळ्यांनी खनिज दळणारे फिरते पिंप) नीट चालते आहे की नाही, हे पूर्वी टनामागे किती युनिट वीज लागली एवढ्यावरूनच ठरवले जात असे. खनिज कठीण आले की आकडा चढे, मऊ आले की उतरे, आणि चढल्या आकड्याचा जाब मात्र पाळीवरच्या माणसांना द्यावा लागे. दळण्यासाठी लागणाऱ्या विजेविषयी अभियंते फ्रेड बाँड यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या सूत्रावर आधारलेली पद्धत आता काही महिने नियमित वापरल्यावर हा अन्याय बराच कमी झाला आहे.

मिलच्या सर्किटमध्ये (मिल आणि भरड माल वेगळा काढून तिच्याकडे परत पाठवणारा सायक्लोन हा शंकू) जाणारा आणि त्यातून बाहेर पडणारा माल ज्या मापाच्या चाळणीतून ८० टक्के खाली उतरतो, ती दोन मापे मायक्रॉनमध्ये घ्यायची, त्यांच्या वर्गमुळांच्या व्यस्तांकांतील फरक १० ने गुणायचा आणि टनामागच्या विजेला त्याने भागायचे. समजा, २५०० मायक्रॉनचा माल १०० मायक्रॉनवर आला आणि टनामागे १२ युनिट लागले, तर प्रत्यक्ष निर्देशांक (खनिज दळायला किती वीज लागते याचे माप) १५ येतो. त्याच खनिजाचा प्रयोगशाळेतील निर्देशांक १४ असेल, तर कार्यक्षमता सुमारे ९३ टक्के. खनिजाचा कठीणपणा दोन्ही बाजूंना सारखाच धरला जात असल्याने तुलना न्याय्य होते. मात्र वीज मीटरवरची नव्हे, तर मोटर आणि गिअरमधील घट वजा करून पिनियनपाशी (मिल फिरवणाऱ्या दातेरी चाकापाशी) उरणारी धरावी.

गणित सोपे आहे. खरी मेहनत नमुन्यांची. मिल स्थिर चालत असताना ठरावीक अंतराने सायक्लोनच्या ओव्हरफ्लोचे (वरून निघणाऱ्या बारीक मालाचे) नमुने घेताना कटर (नमुना गोळा करायचे भांडे) संपूर्ण धारेतून एकाच वेगाने न्यावा लागतो, कारण धारेच्या एका कडेचा माल दुसऱ्या कडेपेक्षा भरड असू शकतो. नंतर बारीक चाळणीवर नमुना पाण्याने इतका धुवायचा की खालचे पाणी नितळ दिसेल. नाहीतर भरड कणांना चिकटलेला चिखल आकडे बिघडवतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण नमुनाच सदोष असेल तर पुढचे दशांश कुचकामी.

पद्धतीची मोठी उणीव अशी की दोष आहे एवढे ती सांगते, तो कुठे आहे ते सांगत नाही. त्यासाठी मिलमध्ये शिरणाऱ्या आणि तिच्यातून निघणाऱ्या मालातील भरड (हव्या त्या मापापेक्षा मोठ्या) भागाची टक्केवारी काढून सरासरी पाहावी. ती ६० असेल, तर ढोबळमानाने ४० टक्के वीज आधीच बारीक झालेल्या मालावर खर्च होते आहे, म्हणजे गोळ्यांआधी सायक्लोन आणि पाण्याचे प्रमाण तपासायला हवे. सायक्लोनच्या तोंडातून माल छत्रीसारखा फाकण्याऐवजी दोरासारखा पडू लागला, तर तेवढ्यानेही बरेच समजते.

सोन्याच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. सोने दगडापेक्षा कितीतरी जड असल्याने त्याचे पुरेसे बारीक झालेले मोकळे कणही सायक्लोनच्या अंडरफ्लोतून (खालून निघणाऱ्या भरड मालातून) पुन्हा मिलमध्ये जातात आणि तिथे चपटे होत राहतात. निर्देशांकाला याचा पत्ताच लागत नाही. म्हणून टेलिंग्जमध्ये (सोने काढून उरलेल्या गाळात) कोणत्या मापाच्या कणांत सोने उरले आहे, हे सोबत तपासल्याशिवाय दळण आणखी बारीक करण्याचा निर्णय आम्ही घेत नाही.

सॅग मिलनंतर (मोठे दगड एकमेकांवर आपटून आणि थोड्या गोळ्यांनी फोडणाऱ्या आधीच्या मिलनंतर) येणाऱ्या बॉल मिलसाठी ही पद्धत एकटी वापरावी असे मी सुचवणार नाही, कारण तिथे आत येणाऱ्या मालात बारीक माल आधीच भरपूर असतो आणि ८० टक्क्यांचे एकच माप त्याचे खरे रूप दाखवत नाही.