स्टिअरिंग तीन अंश डावीकडे: स्पोर्ट्स कार आणि डीलरची सर्व्हिस, १४ महिन्यांनंतर

गाडी घेऊन १४ महिने झाले, ११,४०० किलोमीटर झाले. दोन दारं, मागच्या चाकांना ताकद, सहा गिअरचा मॅन्युअल बॉक्स. इंजिन केवढं, शंभरचा वेग किती सेकंदांत, हे तुम्ही आधीच वाचलेलं असणार, ते पुन्हा लिहीत नाही. गाडीचं आणि डीलरचं नावही लिहीत नाही. त्या वर्कशॉपमधला एक मुलगा पुढे येणार आहे, आणि नावं दिली तर तो लगेच ओळखला जाईल.

मला लिहायचंय ते स्टिअरिंगवरच्या पट्टीबद्दल. या गाडीच्या स्टिअरिंगवर, घड्याळात १२ असतात बरोबर त्या जागी, बोटभर रुंदीची लाल पट्टी आहे. वळणातून बाहेर पडताना चाकं सरळ झाली की नाही, ते डोळ्याच्या कोपऱ्यातून कळावं म्हणून ती असते. शोरूममध्ये मला ती नुसती सजावट वाटली होती. पहिल्या आठवड्यातच तिचा उपयोग कळला. वळणावर हात फिरवायचे, पट्टी वर आली की रस्ता सरळ. पहिले पाच महिने मी या गाडीबद्दल एकही वाईट शब्द बोलले नाही. क्लच जड आहे, मागे सामान मावत नाही, दार उघडायला शेजारी खूप जागा लागते, हे सगळं मान्य करून घेतली होती. आठ वर्षं पैसे बाजूला टाकून घेतलेली गाडी आहे, प्रत्येक बिल मी फाइलला लावते. पहिली सर्व्हिसही नीट झाली.

पाचव्या महिन्यात पुढचं उजवं चाक खड्ड्यात जोरात आदळलं. रिम वाचली, टायर वाचला, पण गाडी किंचित उजवीकडे ओढायला लागली. डीलरकडे अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घेतले. परत आली तेव्हा ओढणं बंद झालं होतं. आणि पट्टी डावीकडे सरकली होती.

पाहणाऱ्याला चटकन दिसणार नाही इतकीच सरकली होती. पण मला दर क्षणी दिसायची. गाडी नाकासमोर चालली आहे आणि हात तिरके आहेत, हे दिवसभर सहन करून बघा. वळणातून बाहेर येताना मी पट्टी १२ वर आणायचे आणि गाडी हळूच उजवीकडे निघायची, मग पुन्हा डावीकडे दुरुस्ती. या गाडीसाठी मी पैसे मोजले ते या एका गोष्टीसाठी, की हाताने सांगितलेलं चाकं जसंच्या तसं ऐकतात. तेच नेमकं बिघडलं होतं.

डेस्कवरच्या सर्व्हिस अॅडव्हायझरला सांगितलं. त्याने विचारलं, "मॅडम, हात सोडले तर गाडी सरळ जाते ना?" जाते म्हणाले. "टायर एका बाजूने झिजतायत?" नाही. "मग अलाइनमेंट बरोबर आहे." त्याने प्रिंटआउट काढून दाखवली, सगळे आकडे हिरवे, म्हणजे ठरलेल्या मर्यादेत. तरी गाडी ठेवून घेतली. नऊ दिवसांनी परत दिली. बिलावर लिहिलं होतं "तपासणी केली, दोष आढळला नाही." पट्टी होती तिथेच. किलोमीटर मात्र ४१ ने वाढले होते. त्याबद्दल विचारलं तर टेस्ट ड्राइव्ह म्हणाले. अलाइनमेंट तपासायला ४१ किलोमीटर लागत नाहीत. (डाव्या दाराच्या उंबऱ्याखाली जॅकचा नवा ओरखडाही होता. एवढ्या खाली बसलेल्या गाडीला जॅक ठरलेल्या बिंदूवरच, रबरी ठोकळा ठेवून लावावा लागतो. तो भांडून रंगवून घेतला, त्यात जास्त शिरत नाही.)

दुसऱ्या खेपेला टायरमधली हवा सारखी केली आणि ऐकवलं, "स्पोर्ट्स कारचं स्टिअरिंग संवेदनशील असतं, रस्त्याचा उतार जाणवतो." यात तथ्य आहे म्हणून मी गप्प बसले. पाणी वाहून जावं म्हणून रस्ता मधून उंच आणि कडेला उतरता बांधतात, आणि त्या उतारावर सरळ जायला स्टिअरिंग थोडं चढाच्या बाजूला धरावं लागतं. पण खड्ड्याच्या आधी पाच महिने याच रस्त्यांवर पट्टी १२ वर होती. म्हणून खात्रीच करून घ्यायची ठरवली.

भावाला शेजारी बसवलं आणि एका मोठ्या सपाट मोकळ्या मैदानावर गाडी नेली. एकाच रेषेवरून एकदा जायचं, एकदा यायचं. जमिनीला उतार असला तर जाताना आणि येताना तो उलट बाजूंना पडतो आणि लगेच उघडा पडतो. गाडी सरळ चालवत थांबवली, स्टिअरिंगमागच्या, न फिरणाऱ्या कव्हरवर एक खूण केली, तिच्यासमोर स्टिअरिंगच्या कडेला बारीक टेप लावली. मग स्टिअरिंगच्या आतल्या आडव्या दांड्यावर लहान स्पिरिट लेव्हल ठेवून पट्टी बरोबर वर आणली आणि त्याच खुणेसमोर दुसरी टेप. दोन टेपमध्ये ९ मिलिमीटर. परत येतानाही ९. स्टिअरिंगचा व्यास ३६ सेंटिमीटर, म्हणजे परिघावर ९ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ तीन अंश. दोन्ही दिशांना डावीकडेच. रस्त्याच्या उताराचा प्रश्न तिथेच मिटला.

ते फोटो घेऊन तिसऱ्यांदा गेले. या वेळी अॅडव्हायझर म्हणाला, स्टिअरिंग काढून एक दात फिरवून बसवून देतो. मी नाही म्हणाले, आणि ज्यांना हा उपाय सुचवला जाईल त्यांनीही नाही म्हणावं. स्टिअरिंग ज्या दातेरी दांड्यावर बसतं त्याच्या एका दाताची उडी तीन अंशांपेक्षा मोठी असते, म्हणजे पट्टी डावीकडून उजवीकडे जाईल एवढंच. आणि जमलं असतं तरी चूक होती तिथेच राहिली असती, खाली चाकांपाशी. नुसतं दिसणं सरळ झालं असतं.

इथपर्यंतचा मजकूर मी सहा महिन्यांपूर्वी लिहून ठेवला होता. त्या वेळी त्याच्या शेवटी दोन निष्कर्ष होते: या गाडीचं इलेक्ट्रिक स्टिअरिंगच नाजूक आहे, आणि त्या वर्कशॉपमधल्या माणसांना काम येत नाही. दोन्ही चुकीचे निघाले. म्हणून ते काढले आणि पुढचं आता लिहिते आहे.

डीलरवर विश्वास उरला नव्हता, म्हणून अलाइनमेंटचंच काम करणाऱ्या एका गॅरेजमध्ये फक्त मोजून घ्यायला गेले. डीलरने आजवर अलाइनमेंटला लावलेल्या पैशांच्या तुलनेत तिथलं मोजणीचं बिल किरकोळ होतं. तिथल्या काकांनी आधी टायरची हवा बघितली, मग मागची चाकं. मी म्हणाले, तक्रार पुढची आहे. ते म्हणाले, मागची चाकं एका बाजूला बघत असतील तर गाडी तिरकी ढकलली जाते आणि ती सरळ ठेवायला पुढे स्टिअरिंग तिरकं धरावं लागतं, म्हणून सुरुवात मागून. मागे दोन्ही बाजू सारख्या होत्या. मग त्यांनी स्टिअरिंग बरोबर मध्ये आणून सीट आणि स्टिअरिंगच्या मध्ये दांडा अडकवला, म्हणजे ते हलणार नाही, आणि पुढची चाकं मोजली.

डावं चाक अधिक १८ मिनिटं, उजवं वजा ६ मिनिटं. (अंशाचा साठावा भाग म्हणजे एक मिनिट. चाक किती आत किंवा बाहेर वळलेलं आहे त्याचं हे माप, त्याला टो म्हणतात. अधिक म्हणजे आत, वजा म्हणजे बाहेर.) कंपनीने सांगितलेलं माप दोन्ही चाकांना अधिक ६. आता बेरीज करा. १८ आणि वजा ६ मिळून १२. ६ आणि ६ मिळूनही १२. एकूण टो बिनचूक! गाडी चालायला लागली की दोन्ही चाकं आपसांत सहा-सहा वाटून घेतात, म्हणून गाडी सरळ जाते, टायरही झिजत नाहीत. फक्त त्यासाठी दोन्ही चाकांना १२ मिनिटं डावीकडे वळावं लागतं. या गाडीत चाक एक अंश वळवायला स्टिअरिंग साधारण १५ अंश फिरवावं लागतं. १२ मिनिटं म्हणजे अंशाचा पाचवा भाग, गुणिले १५. तीन अंश.

मी त्या मशीनसमोर उभी राहून हा गुणाकार तीनदा केला. टेप लावून मैदानावर काढलेलं माझं उत्तर आणि यंत्राचं उत्तर एकच होतं. इतके दिवस मला सांगितलं जात होतं की तुम्हाला भास होतोय.

मग डीलरची हिरवी प्रिंटआउट खोटी होती का? काका म्हणाले, नाही. मोजताना स्टिअरिंग पक्कं धरलेलं नसेल आणि तीन अंश तिरकं राहिलं असेल, तर त्या तिरक्या स्थितीत सगळे आकडे हिरवेच येणार. दुरुस्तीही सोपी: स्टिअरिंगचं वळण प्रत्येक पुढच्या चाकापर्यंत नेणारा एकेक दांडा असतो, टाय रॉड. एक टाय रॉड जेवढा लांबवायचा तेवढाच दुसरा आखडायचा, बेरीज तीच राहते. ते तिथेच करून द्यायला तयार होते. मी नको म्हणाले. ज्यांनी या कामाचे पैसे घेतले होते त्यांनीच ते पूर्ण करावं असा माझा हट्ट होता, आणि अजूनही तो मला बरोबर वाटतो.

चौथ्या खेपेला मी अॅडव्हायझरशी बोललेच नाही. गाडीवर हात ठेवणाऱ्या माणसाशी दहा मिनिटं बोलायचं आहे, त्याशिवाय किल्ली देणार नाही, असं मॅनेजरला सांगितलं. पाऊण तास बसवून ठेवलं. मग एक विशी-बाविशीतला टेक्निशियन बाहेर आला. त्याला काकांचा कागद दाखवला. त्याने तो वाचला, गाडीत बसून मैदानाच्या फोटोतल्या खुणेवर बोट ठेवलं आणि म्हणाला, "म्हणजे स्टिअरिंग तिरकं होतं? मला हे कुणी सांगितलंच नाही."

त्याने आधीची तिन्ही जॉब कार्डं, म्हणजे डेस्कवरून वर्कशॉपला काम लिहून पाठवतात ते कागद, आणून दाखवली. माझं वाक्य होतं: "गाडी सरळ जाते, पण स्टिअरिंग डावीकडे राहतं." कार्डांवर होतं: "अलाइनमेंट तपासणे." "गाडी ओढते, तपासणे." "ग्राहक असमाधानी, तपासणे." दुसऱ्या कार्डावरची तक्रार तर मी कधी केलीच नव्हती. त्या मुलाने तिन्ही वेळा जे लिहिलं होतं ते केलं. गाडी ओढते का बघितलं, ओढत नव्हती, तसं लिहिलं. पहिल्या दिवशी स्टिअरिंग धरून ठेवायचा स्टँड दुसऱ्या गाडीवर अडकला होता आणि आपण हाताने मध्य साधला, हेही त्याने न विचारता कबूल केलं. त्या एका वाक्यासाठी मी त्याच्यावरचा सगळा राग सोडून दिला.

मला त्याने जाळीपलीकडे उभं राहू दिलं. स्टँड लावला. या गाडीचं माप घेताना सीटवर वजन ठेवायचं असतं, कारण माणूस बसला की गाडी खाली बसते आणि चाकांचे कोन बदलतात. तेही त्याने ठेवलं, या खेपेला पहिल्यांदाच. टाय रॉडचे नट सैल केले, एक लांबवला, एक आखडला, टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्ह्याने, आवळले. मग लॅपटॉप जोडून स्टिअरिंगच्या कोनाच्या सेन्सरला नवा शून्य दिला. हे मला माहीत नव्हतं. गाडी घसरताना सावरणारी यंत्रणा चालकाला कुठे जायचं आहे ते या सेन्सरवरून समजून घेते, म्हणून अलाइनमेंटनंतर त्याचा शून्य तपासायचा असतो. माझ्या गाडीत कधी इशाऱ्याचा दिवा लागला नव्हता, पण आधीच्या खेपांमध्ये हे काम केल्याची नोंद नव्हती. सगळं मिळून ४० मिनिटं.

गेटबाहेर पडले आणि पट्टी १२ वर होती. पुढचे ६० किलोमीटर मी काही कारण नसताना फिरले.

त्यानंतर साडेचार महिने ती तिथेच आहे. गाडीबद्दलचं माझं मत पुन्हा पहिल्या पाच महिन्यांतलंच आहे, आणि स्टिअरिंगबद्दल तर आणखी चांगलं, कारण तीन अंशांची चूकही ते लपवत नाही हे आता माहीत आहे. वर्कशॉपबद्दलचं मत बदललं, डेस्कबद्दलचं नाही. माझी तक्रार आणि पान्हा यांच्यात तिथे एक माणूस बसतो आणि तो वाक्य छाटून पुढे पाठवतो. साध्या गाडीत हे चालून जात असेल, तिथे तक्रारी ठरावीक असतात. अशा गाडीचा मालक जे सांगतो ते बहुतेकदा हाताला जाणवलेलं काहीतरी बारीक असतं, आणि ते "तपासणे" या शब्दात मावत नाही.

म्हणून आता जॉब कार्डावर माझी तक्रार मी स्वतः लिहिते, माझ्या अक्षरात, आणि सही करण्यापूर्वी फोटो काढते. गेल्या सर्व्हिसला अॅडव्हायझर म्हणाला, सिस्टिममध्ये एवढं मोठं वाक्य बसत नाही. मग कागद स्टेपल करा म्हणाले. त्याने केला. आणि चाकांचे बोल्ट झटके देणाऱ्या इम्पॅक्ट गनने न आवळता टॉर्क रेंचने आवळावेत असं त्यात लिहिलं होतं, ते तसंच झालं. मी उभी होते.

अलाइनमेंटच्या दोन बिलांपैकी एक परत मिळालं. ४१ किलोमीटरचा हिशेब अजून मिळालेला नाही. तिसरी मेल परवा पाठवली आहे, सोबत दोन्ही दिवशीच्या ओडोमीटरचे फोटो.