क्रम न लादणारी आरक्षण प्रणाली: वर्षभराचा अनुभव

पणजीच्या मळा भागातील आमच्या अकरा खोल्यांच्या अतिथिगृहात वर्षभरापासून नियमाधारित आरक्षण प्रणाली वापरात आहे. जुन्या प्रणालीत आगाऊ रक्कम जमा झाल्याखेरीज पुढचे पानच उघडत नसे. नवी प्रणाली क्रम लादत नाही, नियम तेवढे पाळायला लावते: ओळखपत्र पाहिल्याशिवाय किल्ली द्यायची नाही, परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत फॉर्म सी (त्याची माहिती सरकारला कळवणारा फॉर्म) भरायचाच, आणि परतावा दिलेल्या आरक्षणावर पुन्हा बिल काढायचे नाही. आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात घडलेली ‘डिक्लेअर’ प्रणाली याच तत्त्वावर उभी आहे.

मला सर्वांत आवडलेली गोष्ट म्हणजे अपुरे राहिलेले काम आणि मोडलेला नियम यांत ती गल्लत करीत नाही. मोपा विमानतळावरून रात्री दीड वाजता आलेल्या दमलेल्या पाहुण्याला रात्रपाळीच्या मुलाने पासपोर्ट पाहून लगेच किल्ली दिली. फॉर्म सीची ओळ सकाळपर्यंत पिवळी राहिली आणि फॉर्म भरताच हिरवी झाली. मुदत उलटली असती तरच ती लाल झाली असती.

‘पुढे काय करावे’ हा रकाना मात्र जपूनच वाचावा लागतो. पूर्वीची आरक्षणे पाहून तो सल्ला देतो आणि आमच्याकडची बहुतेक आरक्षणे डिसेंबरच्या आसपासची. त्यामुळे ऐन पावसाळ्यात, अर्ध्या खोल्या रिकाम्या असतानाही, तो आधी पूर्ण रक्कम मागायला सांगत असे. पुरवठादाराने तिसऱ्या फोननंतर पावसाळ्यातील आरक्षणांची तुलना वेगळी करून दिली, तेव्हा कुठे सल्ला जागेवर आला.

खरी उणीव वेगळीच आहे. एखादी कृती आता चालेल का, एवढेच प्रणाली सांगते. त्या कृतीने पुढची कोणती वाट बंद होईल, हे सांगत नाही. ऑगस्टमध्ये एका कुटुंबाने एकाच आरक्षणातल्या दोनपैकी एक खोली सोडली, आम्ही तिचे पैसे परत केले, आणि संध्याकाळी त्यांनी उरलेल्या खोलीसाठी आणखी एक रात्र मागितली, तेव्हा बिल निघेना. नवे आरक्षण करून चौघांची ओळखपत्रे पुन्हा नोंदवावी लागली. तोवर त्यांचा चहाही निवला. परतावा देतानाच इशाऱ्याची एक ओळ आली असती, तर आम्ही आधी त्यांना थांबणार का, हे विचारले असते.

करार सहाच महिन्यांसाठी वाढवला आहे. ही सुधारणा होईपर्यंत ‘परताव्याआधी पाहुण्यांना विचारा’ अशी चिठ्ठी आम्ही मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवली आहे.