क जीवनसत्त्वाचे सीरम: शुद्ध आम्ल की सोडियम अस्कॉर्बिल फॉस्फेट?

सकाळी दाढी आटोपली की चेहऱ्याला क जीवनसत्त्वाचे सीरम लावण्याचा माझा परिपाठ चार वर्षांचा आहे. पहिली दोन वर्षे मी १५ टक्क्यांचे शुद्ध अस्कॉर्बिक आम्ल, म्हणजे खुद्द क जीवनसत्त्वच, वापरले आणि पुढची दोन सोडियम अस्कॉर्बिल फॉस्फेट, म्हणजे त्याच आम्लापासून बनवलेले, सहजी न बिघडणारे रूप.

पुराव्याचा विचार केला तर शुद्ध आम्लाचे पारडे जड आहे, हे आधीच मान्य करायला हवे. ड्यूक विद्यापीठातील शेल्डन पिनेल आणि सहकाऱ्यांनी डुकराच्या त्वचेवर केलेले प्रयोग २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. द्रावणाचा पीएच (आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितकी आम्लता जास्त) ३.५ च्या खाली असेल तरच हे आम्ल आत शिरते, २० टक्क्यांच्या पुढे प्रमाण वाढवून लाभ होत नाही आणि त्वचेत मुरलेला साठा निम्म्यावर यायला सुमारे ४ दिवस लागतात, असे त्यांना आढळले. त्याच प्रयोगांत मॅग्नेशियम अस्कॉर्बिल फॉस्फेटने, म्हणजे सोडियमवाल्याच्या सख्ख्या भावाने, त्वचेतील आम्लाची पातळी वाढवली नव्हती. फॉस्फेटची बाटली विकत घेणाऱ्याने एवढे तरी ठाऊक असू द्यावे.

असे असूनही मी शुद्ध आम्ल सोडले, ते त्याच्या रंगामुळे. नवी बाटली पाण्यासारखी नितळ असते. हवा आणि उजेड लागला की आम्लाचे ऑक्सिडीकरण सुरू होते आणि ठाण्यातल्या आमच्या घरी सहाव्या आठवड्यापर्यंत तिचा कोरा चहा झालेला असे. मी ती फ्रिजच्या दारात, चिंचेच्या चटणीशेजारी ठेवू लागलो, तेव्हा आईने एकदा ती उजेडात धरून "हा मध कुठून आणलास?" असे विचारले होते. त्यानंतर रोज सकाळी पांढऱ्या बशीत एक थेंब टाकून, आजचा रंग चालण्याजोगा आहे की नाही, हे ठरवण्याचा उद्योग मागे लागला. तिसरा हिस्सा शिल्लक असलेल्या दोन बाटल्या मी मोरीत ओतल्या आहेत. पांढऱ्या सदऱ्यांच्या कॉलरवर उमटलेले पिवळट डाग आणि ताज्या दाढीवर होणारी चुणचुण यांच्याशी एक वेळ जमवून घेता आले असते. बशीशी जमले नाही.

फॉस्फेटमध्ये आम्लाच्या दुसऱ्या कार्बनवर फॉस्फेटचा गट बसवलेला असतो आणि ज्या जागेवरून ऑक्सिडीकरण सुरू व्हायचे, तीच जागा त्यामुळे अडवली जाते. त्वचेतील फॉस्फटेज हे विकर (एन्झाइम) तो गट काढून आम्ल मोकळे करते, मात्र किती मोकळे होते यावरच सगळा वाद आहे. हे द्रावण उदासीन पीएचच्या आसपास टिकते, म्हणून चुणचुणत नाही. मुरुमांवर ५ टक्क्यांच्या फॉस्फेटच्या काही छोट्या चाचण्या झाल्या आहेत आणि माझ्या हनुवटीवरचे पुरळ कमी झाले, हेही खरे. त्याचे श्रेय सीरमला द्यावे की चेहरा नीट धुऊ लागलो त्याला, हे मला ठरवता येत नाही. गालावरचा उन्हाचा जुना डाग मात्र शुद्ध आम्लानेच अधिक फिका केला, असे मला वाटते.

तेव्हा डाग हट्टी असतील, त्वचा सोशिक असेल आणि छोटी बाटली महिन्याभरात संपवण्याची शिस्त अंगी असेल, तर शुद्ध आम्ल घ्यावे. माझ्यासारख्या आळशी आणि दमट हवेत राहणाऱ्या माणसाला फॉस्फेटच बहुधा अधिक मानवेल, कारण जे रोज लावले जाते त्याचाच काही उपयोग होण्याची शक्यता असते. रंग टिकला म्हणजे गुण आला असे नव्हे, हे मलाही कळते. तरीही मार्चमध्ये उघडलेली बाटली आज ऑगस्टमध्ये उघड्या फळीवर तशीच नितळ उभी आहे, आणि बशी स्वयंपाकघरात परत गेली आहे.