अंबाजोगाई कोर्टातले फौजदारी वकील: पाचपैकी चार तारे

घरचा माणूस आत असताना लांबलचक वाचायला कुणाला सवड नसते, म्हणून मुद्द्याचं आधी सांगते. उद्या ज्या कोर्टात हजर करणार आहेत, त्याच कोर्टात रोज उभा राहणारा वकील धरा. मोठं नाव लागलंच तर पुढे बघता येतं. धाकट्या भावाच्या केसमध्ये मी असाच वकील धरला. त्याचा हा अनुभव.

नाव लिहिणार नाही. वकिलानं स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलची बंदी आहे, तेव्हा वकीलसाहेबांनीच बजावलं, "ताई, काय लिहायचं ते लिहा, माझं नाव-नंबर तेवढं टाकू नका." अटकेच्या रात्री मोबाईलवर वकील शोधून काय हाती लागतं ते मी बघितलंय: पुण्या-मुंबईच्या वेबसाइटी आणि 'फॉर्म भरा, आम्ही फोन करतो'. बर्दापूर फाट्यावरून आत जायच्या गावाला त्याचा काय उपयोग?

मी लातूरला ट्यूशन एरियात मेस चालवते. माहेर अंबाजोगाई तालुक्यात. भांडण नेहमीचंच, बांधाचं. नांगरटीला ट्रॅक्टर लावला, समोरच्यानं बांधावर दगड रचून ठेवलेले, शब्दाला शब्द लागला आणि काठ्या निघाल्या. समोरच्याचं डोकं फुटलं, टाके पडले. आमच्याही माणसाचा हात सुजला होता, पण फिर्याद त्यांची आधी गेली. शनिवारी रात्री ठाण्यातून जमादाराचा फोन, "तुमच्या भावाला तीनशे सातमध्ये अटक केलीय." खरं तर १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेचं कलम १०९ झालंय, पण ठाण्यात आणि टपरीवर सगळे अजून तीनशे सातच म्हणायलेत. खुनाचा प्रयत्न. भावजय ऐकून मटकन खाली बसली.

ठाण्याबाहेर एकजण लगेच जवळ आला. वकील नव्हता, वकिलाचा माणूस होता. "साहेबांशी बोलून कलम हलकं करून देतो, चाळीस हजार." एफआयआरवर सह्या झाल्यात, हा कुठून हलकं करणार? मामेभावानं छत्रपती संभाजीनगरचं एक मोठं नाव सांगितलं. त्यांच्या ऑफिसनं पंचाहत्तर हजार सांगितले, वर रविवारी साहेब येणार नाहीत, ज्युनियर येईल, गाडीभाडं वेगळं. गावातले एक पुढारी म्हणाले, "मी बोलतो." कुणाशी बोलले ते अजून कळलेलं नाही.

कोर्टाबाहेर टायपिंग करणारे एकजण माझ्या मेसला जेवणाऱ्या एका पोराचे मामा लागतात. कोणता वकील कसले अर्ज टाइप करून नेतो हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी 'चांगला वकील कोण' असं विचारलंच नाही. त्याचं उत्तर जो तो आपल्या पाहुण्याचं नाव देतो. मी विचारलं, "तीनशे सातचे जामीन अर्ज इथल्या सेशन कोर्टात कोण टाकतं, आणि सुट्टीच्या रिमांडला कोण उभं राहतं?" रिमांड म्हणजे पोलीस कोठडी मागायला आरोपीला कोर्टात उभं करतात ते. दोन नावं मिळाली. एकानं फोन उचलला नाही. दुसऱ्यांनी, म्हणजे आमच्या साहेबांनी, उचलला आणि पहिलाच प्रश्न केला, "एफआयआर वाचला का?"

आम्ही कुठून वाचणार! एफआयआर चोवीस तासांत वेबसाइटवर टाकायचा असा सुप्रीम कोर्टाचा २०१६ चा आदेश आहे. नाजूक प्रकरणं तेवढी वगळतात. साहेबांनी राज्य पोलिसांच्या साइटवरून आमचा एफआयआर काढला, दोनदा वाचला आणि मग विचारायला लागले. भांडण किती वाजता, फिर्याद किती वाजता? मधल्या चार तासांत ते लोक कुठं होते? टाके किती, सीटी स्कॅन झालं का, दाखल आहेत का घरी गेले? काठी कुणाची? आणि सगळ्यात महत्त्वाचं, भावाला कुठं लागलंय का? भावजय म्हणाली, मनगट सुजलंय. "मग हे आधी सांगायचं ना. डॉक्टरनं लिहून घेतल्याशिवाय ती सूज कोर्टात दिसत नाही." आम्ही रडगाणं सुरू केलं की हातानं थांबवायचे. भावजयीला ते लागलं. मला मात्र तेच बरं वाटलं.

पैशाचं त्यांनी तिथंच, पॅडच्या कागदावर लिहून दिलं. एका रिमांडचे अडीच हजार. सेशनचा जामीन अर्ज पंधरा हजार, टायपिंग, नकला, कोर्टाची तिकिटं धरून. हायकोर्टात जावं लागलं तर ते खंडपीठातला माणूस सांगणार, त्यात यांचा हिस्सा नाही. "जामीन होईलच का?" असं मी विचारलं तर म्हणाले, "होईल असं वाटतंय. गॅरंटी देणाऱ्याकडं जायचं असलं तर आत्ताच जा." निकालावर फी ठरवायलाही वकिलाला मनाई आहे, हे त्यांनीच सांगितलं. मेस चालवणारी बाई आहे मी. ताटात काय येणार आणि किती पडणार हे आधी सांगणाऱ्यावर माझा विश्वास बसतो.

रविवारी कोर्ट बंद असलं तरी चोवीस तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं. घटनेचं कलम २२. त्या दिवशी सुट्टीच्या ड्युटीवरच्या मॅडम होत्या. भावाला आणलं तेव्हा साहेबांनी पोलिसांदेखतच त्याच्याशी हळू आवाजात बोलून घेतलं आणि एवढंच पढवलं: "मॅडम विचारतील, पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का. खोटं बोलू नको, पण हात दाखव." त्यानं दाखवला. मॅडमनी वैद्यकीय तपासणीचा आदेश लिहिला आणि स्वामी रामानंद तीर्थ मेडिकलला तपासणी झाली. पुढे आमच्या उलट फिर्यादीला तोच कागद उपयोगी पडला.

तपास अधिकाऱ्यानं काठी जप्त करायची म्हणून पाच दिवसांचा पीसीआर, म्हणजे पोलीस कोठडी, मागितला. साहेबांनी पंचनाम्यावर बोट ठेवलं, काठी जागेवरच जप्त दाखवलेली. मग पाच दिवस कशासाठी? अटकेची कारणं लेखी दिली का, हेही विचारलं. सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२५ मध्ये मिहीर शाह प्रकरणात ते सक्तीचं केलंय: आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी, आणि अगदी उशीर झाला तरी रिमांडला उभं करायच्या दोन तास आधी. आमच्याकडं कागद दिलेला होता, सहीसकट, त्यामुळे तो मुद्दा तिथंच संपला. पण विचारलं, हे महत्त्वाचं. दोन दिवसांचा पीसीआर मिळाला. मोठ्या नावाचा ज्युनियर तोवर बीडच्या रस्त्याला तरी लागला असता का, शंकाच आहे.

नंतरचं एक काम मला फार आवडलं, आणि ते त्यांनी न करण्यात होतं. एमसीआर, म्हणजे न्यायालयीन कोठडी, झाल्यावर पाहुणे म्हणायला लागले, "आता लगेच मॅजिस्ट्रेटकडं जामीन टाका." साहेब म्हणाले, जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेलं कलम आहे, खटला सेशनचा आहे, इथं अर्ज टाकून नामंजूर करून घ्यायचा आणि तुमच्याकडून पाच-सात हजार घ्यायचे, हा धंदा मी करत नाही. थेट सेशनला टाकला. दुसरे एक पाहुणे सांगत होते, "नव्वद दिवस गप बसा, आपोआप सुटतो." आपोआप काही सुटत नाही. नव्वद दिवसांत चार्जशीट आलं नाही तरच तो हक्क मिळतो, तोही अर्ज केल्यावर. शिवाय नव्या कायद्यात पोलीस कोठडीचे पंधरा दिवस पहिल्या चाळीस किंवा साठ दिवसांत तुकड्यातुकड्यानं मागता येतात. एमसीआर झाला म्हणजे ठाण्याचा संबंध संपला असं समजू नका.

सेशनला सरकारी वकिलांचा 'से', म्हणजे अर्जावरचं लेखी म्हणणं, यायला वेळ लागला. त्यात साहेबांचा दोष नाही. ते रोज सकाळी तपास अधिकाऱ्याच्या मागं लागायचे, जखमेचं सर्टिफिकेट आलं का म्हणून. ते आलं आणि जखम साधी निघाली. डोक्याचं हाड शाबूत. युक्तिवाद दहा मिनिटांचाही नव्हता. फिर्यादीतला चार तासांचा उशीर, साधी जखम, आमच्या हाताचं सर्टिफिकेट, काठी जप्त. आवाज चढवणं नाही, टेबल बडवणं नाही. पंचवीस हजारांचा जातमुचलका, तेवढाच जामीनदार, चार्जशीट येईपर्यंत गावात पाऊल ठेवायचं नाही आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरी, या अटींवर जामीन झाला.

आता कापलेला तारा. ऑर्डर शुक्रवारी दुपारी झाली आणि जामीनदाराचे कागद तयार नव्हते. चुलत्यांचा सातबारा जुना, तहसीलचा ऐपतीचा दाखला (जामीनदाराची तेवढी मालमत्ता आहे याचा कागद) काढलेलाच नाही. शनिवार-रविवार गेला आणि पोरगा जामीन होऊनही बीडच्या जेलात बसून राहिला. ज्यांनी रिमांडच्या दिवशी काठीपासून टाक्यांपर्यंत सगळं विचारलं, त्यांनी अर्ज टाकतानाच "जामीनदार कोण, सातबारा ताजा काढा, दाखल्याला अर्ज द्या" एवढं सांगायला नको होतं का? मी बोलून दाखवलं. म्हणाले, "ते ज्युनियर बघतो." ज्युनियर म्हणाला, "साहेबांनी सांगितलं असेल असं वाटलं." मला हे चालत नाही. आणि दुपारी फोन उचलत नाहीत, ते कोर्टात असतात म्हणून समजू शकते. पण संध्याकाळी सातनंतरही नाही.

फुकटच्या वकिलाबद्दल लोक नाक मुरडतात, म्हणून तेही लिहिते. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं कोठडीतल्या माणसाला, बाईला, अनुसूचित जाती-जमातीतल्यांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. इतरांसाठी महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांची मर्यादा आहे. जिल्ह्याला त्यासाठी लोक अभिरक्षक कार्यालय असतं, विधी सेवेची हेल्पलाइन १५१००. सेशनच्या व्हरांड्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंच्या लेकाची केस तिथलेच वकील चालवत होते. चोरीचं प्रकरण. तिला प्रत्येक तारखेला काय झालं ते मराठीत नीट समजावून सांगत होते, आमच्या साहेबांपेक्षा सावकाश. तिच्या लेकाचा जामीन आमच्या आधी झाला. मीही तिकडं जाऊ शकले असते, भाऊ कोठडीत होता म्हणजे हक्क होताच. पण शनिवारी रात्री अकराला मला तालुक्यातलाच, उद्या सकाळी उभा राहणारा माणूस हवा होता. ज्यांच्याकडं अडीच हजारही नाहीत त्यांनी रिमांडच्या वेळी मॅजिस्ट्रेटना सरळ सांगावं, वकील नाही, सरकारकडून द्या. द्यावाच लागतो.

चार्जशीट दाखल झालंय, भाऊ परत गावात आलाय, बांधावरचे दगड अजून तिथंच आहेत. खटल्याची फी वेगळी ठरेल. साहेबांनी आत्ता एक रुपया घेतलेला नाही. "चार्ज फ्रेम, म्हणजे कोर्टात आरोप निश्चित, होऊ द्या, मग टप्प्यानं द्या, साक्षीदारागणिक," म्हणालेत. तेही पॅडवर लिहून घेतलंय. कुणाला गाठायचं असेल तर टायपिंगवाल्या मामांना मी वर लिहिलेला प्रश्न तसाच विचारा. जाताना एफआयआर नंबर, आधार, जखमीचं दवाखान्याचं कार्ड आणि जामीनदाराचा ताजा सातबारा घेऊन जा. तो मागितला नाही तरी टेबलावर ठेवा.